पडद्याआडचा हात

अदलिया, बहरीन
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे तुम्ही बरे असाल असं धरून चालते. पत्र बघून दचकला असशील. तुझा नंबर मी बाबांच्या वर्षश्राद्धानंतर फोनमधून काढून टाकला. कराडच्या दवाखान्याचा पत्ता तेवढा पाठ राहिला, तो बदलला नसेल तर हे मिळेल. मेसेजची सोय नाही असं नाही, पण आमच्याकडे एकाने काही टाइप केलं की ते दुसऱ्याच्या टॅबवर उमटतं, आणि हे पत्र तुझ्या भाच्याबद्दल आहे.

गैरसमज नको. समेट करायला लिहीत नाहीये, काम आहे.

ओजसने पुण्यात फिजिओथेरपी केली हे तुला ठाऊक आहे. इथे चांगल्या हॉस्पिटलात लागला, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून जायचा. मला वाटलं, सुटलो. वर्षभरात म्हणाला, मी चीनला जातो, वैद्यकी शिकायला. तिकडे मुलं एमबीबीएसला जातात ते वेगळं. हा गेला नाडी बघायला आणि सुया टोचायला! नदीकाठच्या कुठल्याशा गावात त्यांची शाळा आहे, 'पांढऱ्या पुलाची वैद्यशाळा' असं नाव. दोन वर्षं तिथे राहून आला. आता तिथल्याच एक लिआंग बाई अदलियात एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर शाखा काढून बसल्या आहेत, त्यांच्याकडे पुढचं शिकतो. खाली कॉफीचं दुकान, वर वैद्यशाळा. लोक खालच्या अवघडलेल्या खुर्च्यांत तासन्‌तास बसतात आणि मान धरली म्हणून वर जातात. मला तर दोघांचं संगनमत वाटतं.

शिकवायची तऱ्हा ऐक. पहिलं वर्षभर रोग्याला हात लावायचा नाही. कागदाखाली एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटाने तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. तो सराव अजून सुटलेला नाही; घरात लांब केस माझेच, त्यामुळे माझ्या कंगव्यावर याचा डोळा. औषधांची कवनं आहेत, ती आपण पाढे म्हणायचो तशी गॅलरीत फेऱ्या मारत चिनीत घोकतो. प्रत्येक मुळी स्वतः चाखायची, प्रत्येक सुई आधी स्वतःला टोचून घ्यायची. परवा पायात सुया घेऊन सोफ्यावर बसला होता आणि दाराची बेल वाजली. सदानंद स्वयंपाकघरातून ओरडले, "अरे उठू नकोस, भोसकून घेशील!" माझ्या लहान कुकरात त्याने कसल्या मुळ्या उकळल्या देव जाणे, वरणाला अजून वास येतो.

आणि नाडी. तीन बोटं ठेवायची, आधी हलकी, मग दाबून, मग आणखी खोल. निदान पन्नास ठोके तरी हात सोडायचा नाही. त्याआधी बोट उचललं तर त्या दिवशीचा धडा बंद. हा सगळ्यांच्या नाड्या बघतो. खालच्या मजल्यावरची हुस्ना, वॉचमन, आपल्या चिपळूणकडचा तुकाराम ड्रायव्हर आहे तो. त्या तुकारामाला गाडी डबल पार्क करून बसवला होता.

माझी मात्र बघत नाही. मी चहा देताना हात पुढे केला, जेवताना केला, एकदा सरळ मनगट त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "आई, नॉट यू. शाळेचा रूल आहे. घरच्यांची नाडी बघायची नाही. माया बोटांत उतरते, मग जे हवं तेच लागतं."

मी म्हटलं, "की घरात लबाडी लगेच पकडली जाते म्हणून हा नियम?"

"आई, यू आर इम्पॉसिबल."

तूच सांग, कुठल्या शास्त्रात असा नियम असतो? जे खरं आहे ते आईच्या हातातही खरंच असणार ना? पुन्हापुन्हा हात पुढे करत होते ते केवळ त्याची परीक्षा घ्यायला, दुसरं काही नाही.

त्या शाळेचा इतिहास म्हणून तो जे सांगतो, तेही ऐकण्यासारखं आहे. मूळपुरुष औषधी मुळ्या विकणारा, पुलाच्या टोकाशी बसायचा. गावच्या सावकाराची बायको आजारी. ती पडद्यात, म्हणून नुसता हात बाहेर काढायचा. सावकार संशयी. त्याने परीक्षा पाहायला बायकोच्या जागी स्वयंपाकिणीला बसवलं, तिच्या हातात बायकोच्या बांगड्या चढवल्या. वैद्याने खूप वेळ नाडी पाहिली आणि म्हणाला, "हा हात तुमच्या पत्नीचा नसावा. पण जिचा असेल तिला आजच्या आज कामातून उठवा, ती फार आजारी आहे." सावकार म्हणाला, "मी तिच्यासाठी तुला बोलावलंच नाही." तो म्हणाला, "जो हात पुढे आला, तो रोगी." म्हणे पुढचे कितीतरी दिवस तो त्या स्वयंपाकिणीलाच तपासायला मागल्या दाराने येत राहिला. तेव्हापासून हे शाळेचं पहिलं वाक्य. अजूनही दरवर्षी पडद्याआडून हात देऊन मुलांची परीक्षा घेतात.

सदानंद हसून म्हणाले, "सुरेखा, तो सावकार तुझाच कोणी लागत असणार." मी हसले नाही. मला त्या गोष्टीत चार भोकं दिसतात. बांगड्या चढवल्या, पण हात? स्वयंपाकिणीचे हात घट्टे पडलेले असणार, ते कोणालाही कळतील. त्याला नाडी कशाला हवी?

तर काम हे. तू एमडी आहेस. दवाखान्याच्या लेटरहेडवर चार ओळी लिही की या सगळ्याला काही आधार नाही आणि हातची नोकरी सोडून हे करत बसणं वेडेपणा आहे. तुझं तो ऐकेल. लहानपणापासून तुझं कौतुक त्याला जरा जास्तच आहे.

सुरेखा सदानंद चिटणीस


अदलिया
३० ऑक्टोबर २०२५

दादा,

पत्र मिळालं. दिवाळी झाली, लेकीचा, कश्मिराचा टोरांटोहून फोन आला, चकल्या यंदा मऊ पडल्या. झालं, पद्धतीचं लिहून संपलं.

लेटरहेडवर मागितलं होतं, तू वहीच्या कागदावर लिहिलंस. आणि माझ्या बाजूने एक ओळ नाही! उलट मलाच दोन प्रश्न दिलेस: तिथे शरीररचना शिकवतात का, आणि आपल्या हातात नसलेला रोगी ते हॉस्पिटलात पाठवतात का. बरं, मी गेले विचारायला. सांगून गेले नाही, सांगून गेलं की लोक आवरून ठेवतात.

जिना बराच उभा आहे. मधल्या वळणावर एक तसबीर आहे, त्या पांढऱ्या पुलाची. मी तिच्यापाशी थांबून ती नीट बघितली. वर पाहते तर लिआंग बाई कठड्याला टेकून माझ्याकडे बघत उभी. "पिक्चर गुड?" म्हणाली. मी म्हटलं, "व्हेरी गुड." ठेंगणी, केस पुरुषासारखे कापलेले, पायात कापडी बूट. बसायला दिलं आणि नुसतं गरम पाणी दिलं, चहा नाही, साखर नाही. जिभेवरून यांना सगळं कळतं म्हणतात, म्हणून मी शक्य तेवढं तोंड मिटूनच बोलले. ओजसला नंतर ती म्हणे विचारत होती, तुझ्या आईचा दात दुखतो का?

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: हो आणि हो. शाळेच्या आवारात समोरासमोर दोन इमारती आहेत, तिने फोटो दाखवले. एकीत भिंतभर लाकडी खण, प्रत्येकात एकेक औषध. दुसरीत सूक्ष्मदर्शक आणि हाडांचे सापळे. मुलांना दोन्हींत पास व्हावं लागतं. मधे काही वर्षं शाळा बंदच होती. जुनं सगळं वाईट असं ठरलं, खण फोडून चुलीत घातले, ग्रंथ गेले. तिच्या गुरूची आई भाजी धुताना औषधांची कवनं पुटपुटायची. बायकांच्या पुटपुटण्याकडे कोण लक्ष देतं? त्या कवनांवरून नंतर कितीतरी लिहून काढलं. हे सांगताना बाईचा आवाज बदलला. मला जरा लागलं आत, पण मी सावध झाले. विकणारे लोक गोष्ट चांगलीच सांगतात.

हॉस्पिटलचं विचारलं तर म्हणाली, "पल्स नो अंडरस्टॅन्ड, हॉस्पिटल. पल्स अंडरस्टॅन्ड टू मच, ऑल्सो हॉस्पिटल." आणि माझ्या हाताकडे बघितलं. मी तो पर्सखाली घेतला.

आता तुला विचारते. एवढ्याशा पत्रात 'तू कशी आहेस' हे तू दोन वेळा का लिहिलंस? पहिल्यांदा पद्धत म्हणून समजू. दुसऱ्यांदा कशासाठी? मी ठणठणीत आहे. इथल्या एसीने सांधे धरतात, जिना चढला की धाप लागते, ती या वयात कोणालाही लागते. मागच्या महिन्यात हुस्नाबरोबर जिदहफ्सच्या बाजारात गेले होते तेव्हा हातातून पाकीट पडलं. त्याचा हुस्नाने एवढा बाऊ केला की विचारू नकोस. पाकीट काय, कोणाच्याही हातून पडतं.

तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या परिच्छेदाबद्दल मी काही लिहिणार नाही.

भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. गेली काही वर्षं तेच करते. गच्चीवर टाक्यांच्या आणि डिशच्या मधून तो शोधावा लागतो. सदानंद खुर्ची घेऊन येतात, तो दिसेपर्यंत मी बसून राहते. चंद्र ओवाळणी घालत नाही, पण उलट उत्तरही देत नाही.

तर बेत असा. शाळेची पडद्याची परीक्षा चौदा तारखेला आहे, शुक्रवारी, इथेच. आजूबाजूचे लोक रोगी म्हणून लागतात. आपल्याला काय होतंय ते त्यांनी आधी बाईला एकटीला सांगायचं, मग पडद्यामागे बसून नुसता हात पुढे करायचा. मुलांनी नाडी पाहून काय वाटतं ते लिहायचं. ओजसने माझ्यादेखत हुस्नाला विचारलं आणि वर मला म्हणाला, "आई, तू नाही हं. स्टुडंटची फॅमिली चालत नाही." हुस्नाने दम्याचं आणि साखरेचं सांगून नाव दिलं.

तिच्या जागी मी बसणार आहे. सावकाराने केली ती चूक मी करणार नाही. हुस्नाच्या भाचीचं लग्न आहे, तिच्या हातांवर मेंदी आहे. मीही तिच्याचबरोबर जाऊन तीच नक्षी काढून घेणार, कुकरने भाजल्याचा डाग त्यात बुडतो. बांगड्या काढणार, तिच्या अंगठ्या घालणार. सगळे मिळून माझ्या हातात दमा आणि साखर शोधू देत. माझी साखर उत्तम आहे, दमा कधी नव्हताच. मग बघते.

हुस्ना आधी म्हणाली, "सुरेखा, तुम पागल है? वो तुम्हारा बेटा है!" मग स्वतःच हसायला लागली. "खलास, करते हैं. लेकिन पकडे गये तो मैं बोलेगी, मफी मालूम, मेरेको कुछ नहीं मालूम."

खरं काय ते कळल्यावर तुला कळवेन.

सुरेखा


अदलिया
१६ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे पत्र आडवं पडून लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल. घाबरू नकोस. आधी सगळं ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

शुक्रवारी गेलो. त्या खोलीत एका दोरीवर निळा पडदा टांगला होता, त्याला कोपराएवढ्या उंचीवर चिरा. मागे खुर्च्या, पुढे टेबलं, टेबलावर छोट्या उशा. आत रोग्यांखेरीज कोणी नाही, त्यामुळे हुस्नाचं नाव पुकारल्यावर तिने मला कोपराने ढोसलं आणि मी तिच्या खुर्चीत सरकले. चिरेतून हात बाहेर काढला. इकडे आम्ही दोघी तोंडावर ओढण्या धरून हसतोय. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका, शाळकरी मुलींसारख्या.

पहिल्या मुलाने बोटं ठेवली. बराच वेळ झाला, उचलली, परत ठेवली. लिहिल्याचा आवाज आला नाही. दुसरी एक फिलिपिनो मुलगी आहे, तिने हलकी, मग खोल, मग पुन्हा हलकी अशी बोटं दाबली आणि स्वतःशीच काहीतरी म्हणाली. माझं हसू तेव्हाच गेलं. मी संशयी आहे, पण मूर्ख नाही. दमा आणि साखर शोधणारी बोटं अशी घुटमळत नाहीत.

तिसरा ओजस. हे मला पडद्यातून दिसलं नाही, पण बोट टेकताच कळलं. त्यालाही कळलं. मेंदी काढा, अंगठ्या घाला, त्या हाताने त्याला भरवलंय. ओळखल्याबरोबर त्याने हात काढायला हवा होता, नियम तसा आहे. त्याने काढला नाही. तीनही बोटं तशीच ठेवून बसला. मला माझेच ठोके त्याच्या बोटांखाली लागत होते: दोन धावत, एक गळलेला, मग थांबून एकदम तीन. मनात आलं, हात ओढून घे सुरेखा, खेळ संपव. ओढवेना.

मग त्याची खुर्ची मागे सरकली आणि तो उभा राहून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, मला या पेशंटची नाडी बघता येणार नाही."

बाईने विचारलं, "व्हाय?"

"शी इज माय मदर."

हुस्ना "या अल्ला" म्हणून पुढच्या खुर्चीमागे लपली. लिआंग बाई पडद्याला वळसा घालून आत आली. मला वाटलं आता झापणार. ती खाली वाकली, जमिनीवर गुडघे टेकले आणि माझं मनगट घेतलं. माझ्याकडे न बघता किती वेळ धरून ठेवलं होतं कोण जाणे. मग म्हणाली, "दिस हॅन्ड, नॉट हुस्ना. दिस हॅन्ड, पेशंट." ओजसकडे वळून चिनीत भराभरा बोलली. मी विचारलं, काय म्हणते? त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "आई, शी सेज नो हर्ब्स, नो नीडल. आत्ता हॉस्पिटल. चल, यल्ला."

हॉस्पिटलात ईसीजी काढला. तुला कळेल असं लिहिते: एट्रियल फिब्रिलेशन, माझ्या भाषेत ठोक्यांचा ताल सुटलेला. तिथली डॉक्टर, मसूदा नाव, तुझ्या मुलीएवढी असेल. तिने विचारलं, "कधी अचानक बोलता न येणं, हातातली शक्ती जाणं, असं काही?" सदानंद म्हणाले, "नो, नो, नेव्हर." आणि मी म्हटलं, "येस."

दादा, पाकीट नुसतं पडलं नव्हतं. जिदहफ्सच्या बाजारात मी भाजीवाल्यापुढे उभी होते. उजवा हात पाकिटासकट खाली गेला, जसा काही माझा नव्हताच. हुस्नाने विचारलं, क्या चाहिए? मला कोथिंबीर हवी होती. समोर दिसत होती, हिरवीगार. शब्द येईना. मराठीत येईना, हिंदीत येईना. तोंड उघडं ठेवून मी उभी, आणि हुस्ना मला हलवतेय. गाडीत बसल्यावर हळूहळू हाताला मुंग्या आल्या आणि तोंडातून एकदम निघालं, "कोथिंबीर." हुस्ना रडता रडता हसायला लागली. तिला मी देवाची शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही म्हणून. तिने पाळली. धडधड तर त्याआधीपासूनच होती. जिन्यातली ती तसबीर मी बघत नव्हते. पाय उचलत नव्हते, म्हणून थांबले होते.

का सांगितलं नाही? तुला तरी हे विचारायची गरज नसावी. बाबा म्हणायचे, छातीत पाखरू अडकल्यागत होतंय. आई म्हणायची गॅस, शेजारी म्हणायचे रिटायर झाल्यावर होतं तसं, आणि तू म्हणालास मनाचं आहे. त्यांची थट्टा झालेली मी पाहिली, आणि नंतर त्यांचं वाकडं झालेलं तोंडही. मला सांगायचं नव्हतं. मला न सांगता कळायला हवं होतं. म्हणून मी तो हात घेऊन सगळ्या घरभर फिरत होते, आणि परीक्षा घेते आहे म्हणत होते. हे मला पडद्यामागे बसल्यावर समजलं, ओजसच्या बोटांखाली. मला इतकं रडू आलं दादा. बाबा गेले तेव्हाही आलं नव्हतं.

आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, बुधवारी हृदयाचा एको आहे. काही आठवड्यांनी शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणता येतील म्हणते डॉक्टर. त्याच्या कागदावर माझी सही मागितली.

ओजसचा त्या दिवसाचा पेपर कोरा धरला. मला वाटलं होतं, आईला वाचवलं म्हणून बाई पास करेल. छे! ओळखल्यावर बोटं उचलली नाहीत, नियम मोडला. पुढच्या वर्षी परत बैस म्हणाली. तो म्हणतो, "वर्थ इट." सदानंद म्हणाले, "घराण्यातला पहिला नापास." आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. त्या शाळेबद्दल माझं मत विचारशील तर अजून पक्कं नाही. सुयांवर माझा विश्वास नाही, कुकराला वास येतोच आहे. पण हात धरून बसायला शिकवतात, हे मी खोटं म्हणू शकत नाही.

आता तुझी पाळी. काल ओजस माझ्या उशाशी बसला होता, तेव्हा माझ्या डोक्यात एक हिशेब जुळायला लागला. मी विचारलं, "ती सावकाराची गोष्ट तू मला मुद्दाम सांगितलीस का रे? हुस्नाला माझ्यादेखत विचारलंस, 'आई, तू नाही हं' असं बजावलंस, तेही मुद्दाम? मी परीक्षा घेतल्याशिवाय राहणार नाही हे ठाऊक होतं तुला?"

तो नुसता हसला. मग म्हणाला, "आई, त्यात मी नियम मोडला नाही. मी हात पुढे केला नाही, तू केलास."

"आणि मामाला कधी कळवलंस?"

माझी उशी सारखी करत म्हणाला, "ऑगस्टमध्ये. तू आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात भिंत धरून उभी होतीस तेव्हा. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मामा म्हणाला, तिला सांगून उपयोग नाही, तिला शोधू दे."

अरे लबाडा! म्हणजे माझं पहिलं पत्र पोचायच्या आधीच तुला सगळं माहीत होतं. लेटरहेड नाही, उलट मलाच दोन प्रश्न, आणि 'तू कशी आहेस' दोनदा. मी कागदावर, पोस्टाने, लपूनछपून लिहीत होते आणि तुम्ही दोघे फोनवर माझी टिंगल करत होतात! इतका सगळ्यांवर संशय घेतला, पण जिथे घ्यायला हवा होता तिथे घेतला नाही. बरी आहेस म्हणे शहाणी.

तुझा दुसरा परिच्छेद मी पुन्हा वाचला. तू लिहिलंस, "बाबांची नाडी बघताना मी घड्याळाकडे बघत होतो, बाहेर पेशंट थांबले होते. त्यानंतर मी कोणाचाही हात घाईत सोडलेला नाही." मी त्यावर काही लिहिणार नाही म्हटलं होतं. आता लिहिते. माझा राग गेला असं खोटं सांगणार नाही. तो आहे. त्याला तिथेच राहू दे, बाजूला खुर्ची घालून तू बसू शकतोस.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. ओजस फोटो काढून पाठवेल, तुझा नंबर त्याच्याकडे आहेच, चोर कुठले. शॉकच्या कागदावर मी सही केलेली नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, माझा भाऊ येऊन बघेल, मग करेन. तिने विचारलं, तो हार्ट स्पेशालिस्ट आहे का? मी म्हटलं, नाही, भाऊ आहे.

तिकीट काढ. वहिनींना घेऊन ये. चंद्राला पुष्कळ ओवाळून झालं. घरच्यांची नाडी बघायची नाही हा त्यांच्या शाळेचा नियम असेल, आपल्या घराचा नाही. ये, आणि या वेळी सावकाश बघ.

हात पुढे करून बसलेली,
तुझी बेबी